आमचा अठ्ठाविसावा आठवडा

गरोदर बाईचं वजन मोठ्यानं वाचू नये, असा एखादा नियम कुठंतरी असायला हवा. तो नसल्यामुळे परवा क्लिनिकच्या भरल्या वेटिंग रूममध्ये सिस्टरनं काट्यावरचा आकडा दशांशासकट पुकारला. लिहून घेणारी सिस्टर खोलीच्या त्या टोकाला, काटा या टोकाला आणि मधल्या खुर्च्यांवर आम्ही सगळ्या. पुकारलं ते पुकारलं, वर "मागच्या खेपेपेक्षा बरंच वाढलंय हो!" अशी पुरवणीही जोडली. तेही मी गिळलं असतं. पण तेवढ्यात कोपऱ्यातून एका पुरुषाचा आवाज आला, "हं. ग्राफच्या थोडं वर चाललंय."

वळून पाहिलं. गृहस्थ माझ्या ओळखीचा नव्हता, डॉक्टर नव्हता आणि दिसत होतं त्यावरून गरोदरही नव्हता. तरी माझ्या वजनाबद्दल त्याचं मत तयार होतं. त्याला द्यायची एकाहून एक सरस उत्तरं मला अजूनही सुचताहेत, भांडी घासताना तर फारच. त्या वेळी मात्र मी कसनुसं हसले, काट्यावरून उतरले आणि चपला शोधायला लागले. त्या पोटाआड गेल्या होत्या.

त्या दिवशी आम्ही जमलो होतो ग्लुकोजच्या चाचणीला. २४ ते २८ आठवड्यांच्या मधे कधीतरी ही करतात. गरोदरपणात साखर वाढते आहे का ते बघायला रात्रभर उपाशी राहून सकाळी आधी एकदा रक्त द्यायचं, मग ७५ ग्रॅम ग्लुकोज विरघळवलेलं पाणी पाच मिनिटांत पिऊन टाकायचं, मग तासानं पुन्हा रक्त आणि दोन तासांनी पुन्हा. मधे काही खायचं नाही, फिरायचं नाही. आणि मुख्य म्हणजे उलटी करायची नाही, कारण ती झाली की चाचणी बाद आणि दुसऱ्या दिवशी हा सगळा सोहळा पहिल्यापासून. त्यामुळे ते गोड संकट पोटात घेऊन बसलेल्या बायका एका जागी नजर लावून, ओठ घट्ट मिटून, कुणाशी काही न बोलता बसतात. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, साधना चालली आहे.

या खोलीत हात असलेली, पाठीला उशी असलेली खुर्ची एकच. बाकीच्या सगळ्या बिनहाताच्या, एकमेकींना जोडलेल्या, लोखंडी. पोट पुढं आल्यावर बिनहाताच्या खुर्चीतून उठायचं म्हणजे आधी पुढं सरकायचं, मग पाय फाकवायचे, मग कुणाकडं तरी केविलवाणं बघायचं. नववा लागलेली एक जण माझ्या शेजारी हे सगळं करत होती. आणि ती हाताची खुर्ची? तिच्यात आमचे ग्राफवाले बसले होते. शेजारच्या लोखंडी खुर्चीवर त्यांची बायको, डोळे मिटून, ग्लुकोज जिरवत.

"आम्हाला आज अठ्ठाविसावा लागला," त्यानं आपणहून जाहीर केलं. कुणी विचारलं नव्हतं. "पहिले तीन महिने आम्हाला फार त्रास झाला. पोटात काही ठरायचंच नाही." त्याच्याकडं बघून वाटत होतं की पोटात बरंच काही ठरलेलं आहे.

त्याच्या फोनवर गरोदरपणाचं ॲप होतं. माझ्याही फोनवर आहे, सगळ्यांच्याच असतं. फरक इतकाच की आम्ही ते रात्री तीन वाजता चोरून बघतो आणि हा ते प्रवचनासारखं वाचून दाखवत होता. आज बाळ वांग्याएवढं झालं होतं. नववा लागलेलीनं विचारलं, "कुठल्या वांग्याएवढं? वांग्यांत केवढे प्रकार असतात!" त्यानं ॲपमध्ये शोधलं. प्रकार दिलेला नव्हता. (या ॲपवाल्यांचं मला नेहमीच नवल वाटतं. एका आठवड्यात बाळ फुलकोबी, पुढच्यात काकडी. वाढतंय की बदलतंय तेच कळत नाही.)

मग तो आम्हा सगळ्यांकडं वळून म्हणाला, "पेल्विक फ्लोअरचे, म्हणजे लघवी धरून ठेवणाऱ्या ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे, व्यायाम करता ना तुम्ही? ते बसल्या बसल्याही करता येतात. कुणाला कळतसुद्धा नाही." आणि काय सांगू, अख्ख्या वेटिंग रूमनं मुकाट्यानं ते करायला सुरुवात केली. कळतं हो. भुवया वर जातात.

दर थोड्या वेळानं त्याचं ॲप टिंग करायचं. पाणी प्या. "आपलं पाण्याचं टार्गेट राहतंय," असं तो बायकोला सांगायचा. ती डोळे न उघडता म्हणायची, "मला आत्ता एक घोटसुद्धा जाणार नाही." मग टार्गेट चुकू नये म्हणून तो स्वतः अर्धी बाटली रिचवायचा आणि ॲपमध्ये खूण करायचा. मी तीन बायकांची शपथ घेऊन सांगते, तो बायकोच्या वाटचं पाणी प्यायला.

समोर एक ताई बसल्या होत्या. तिसरी खेप. तिसऱ्या खेपेच्या बाईच्या चेहऱ्यावर एक वेगळीच शांतता असते. तिला ॲप लागत नाही आणि धक्काही बसत नाही. त्यांनी विणकाम बाजूला ठेवलं आणि अगदी मायेनं चौकशी सुरू केली.

"रात्री उठावं लागतं का हो तुम्हाला?"

"हो ना, दोन-तीनदा," तो खुलला. "अठ्ठाविसाव्यानंतर कुशीवर झोपायचं असतं. ही पाठीवर वळली की मी लगेच उठवतो."

ताई विचारात पडल्या. "म्हणजे झोपलेल्या बाईला, नीट झोप असं सांगायला, उठवता?"

"सेफ्टीसाठी."

"बरं. आणि पायांत गोळे?"

"गोळे..." तो जरा चाचपडला. "मागं एकदा जिम सुरू केली होती तेव्हा आले होते."

"छातीत जळजळ?"

"ती आहे!" तो एकदम पुढं सरसावला. "आम्हाला फार आहे."

"मग बाळाला जावळ भरपूर येणार," ताई म्हणाल्या आणि विणकाम परत हातात घेतलं.

इथं त्याला अखेर आपलं ज्ञान दाखवायची संधी मिळाली. हे सगळं जुन्या बायकांचं थोतांड, जळजळीचा आणि केसांचा काय संबंध, ही अशास्त्रीय माहिती पसरवू नये, वगैरे. नववा लागलेली आमची मैत्रीण (ती एव्हाना मैत्रीण झाली होती) डोळे मिटूनच बोलली. झोप येत नाही म्हणून तिनं बहुधा इंटरनेट शेवटपर्यंत वाचून काढलं असावं. म्हणाली, अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी नेमकं हेच तपासलं, २००६ मध्ये छापून आलंय. ६४ बायका घेतल्या. निघाले होते समज खोडून काढायला, आणि निघालं उलटंच: जिला जळजळ जास्त, तिच्या बाळाला केस जास्त. जी हार्मोन्स अन्ननलिकेच्या तोंडाची झडप सैल सोडतात, तीच केसांच्या वाढीतही हात घालत असावीत, असा त्यांचा अंदाज.

तो फोनमध्ये शोधायला लागला. बराच वेळ शोधत होता. मग काही बोलला नाही. ॲप मात्र टिंग झालं आणि त्यानं पाणी प्यायलं.

मला खरं तर तिथंच बरं वाटायला हवं होतं. पण माझं ग्राफचं खुपत होतं. काय सांगायला हवं होतं मी त्याला? हिशेबच द्यायला हवा होता. की बाबा रे, दिवस भरेपर्यंत बाळ साधारण तीन-सव्वातीन किलोचं होतं. वार अर्ध्या किलोच्या वर. गर्भजल किलोच्या आसपास. अंगातलं रक्त जवळजवळ दीडपट होतं, त्याचा किलो-सव्वा किलो. गर्भाशय एरवी ६०-७० ग्रॅमचं, ते शेवटी किलोभराचं होतं. एवढी बढती कुठल्याच खात्यात मिळत नाही. वर छाती, अंगात साठलेलं पाणी, पुढं दूध पाजायला लागेल म्हणून शरीरानं न विचारता बांधून ठेवलेली चरबी. बेरीज कर आणि मग तुझा ग्राफ उघड. आणि हे सगळं दिवसरात्र वागवताना झडप सैल, गुडघे सैल, आतडी संथ आणि मूत्राशयावर कुणीतरी टाच रोवून उभं. हे बोलायला नुसता दम लागला असता, तेही खरंच.

गंमत म्हणजे गरोदर बाईच्या शरीराबद्दल प्रत्येकाकडं काहीतरी असतं. लिफ्टमधला अनोळखी माणूस "जुळं आहे का?" विचारतो. ऑफिसातली बाई पोटावर हात ठेवून मगच "ठेवू का?" म्हणते. पोट पुढं आलंय की पसरलंय यावरून भाकितं होतात. आपण काही सांगायला गेलो की मात्र सगळ्यांचं एकच उत्तर: होतं असं. कंबर धरली, होतं असं. हिरड्यांतून रक्त येतं, होतं असं. नाक चोंदतं, घोरायला लागले, नाव विसरले स्वतःच्या भाच्याचं, होतं असं. आणि बहुतेक वेळा खरंच होतं असं, त्यामुळं भांडताही येत नाही.

पण त्याच रांगेत टोकाला एक गप्प मुलगी बसली होती. ती ग्लुकोजसाठी आली नव्हती, दर आठवड्याच्या रक्ततपासणीसाठी आली होती. तिला खाज सुटायची. पुरळ नाही, काही नाही. तळहात आणि तळपाय, आणि रात्री जास्त. आधीच्या दवाखान्यात तिनं ते पुन्हा पुन्हा सांगितलं. त्वचा ताणते, होतं असं, हे मलम लावा. शेवटी दुसऱ्या एका डॉक्टरीणबाईंनी तळहाताचं ऐकल्याबरोबर रक्त तपासायला घेतलं, तर यकृताचा त्रास निघाला. पित्ताचा निचरा नीट होत नाही, पित्ताम्लं रक्तात साठतात, आणि पातळी फार चढली तर ते बाळाच्या जिवावर बेतू शकतं. आता औषध चालू आहे, लक्ष आहे. ती हे अगदी साध्या सुरात सांगत होती, बस चुकल्याचं सांगावं तसं. सांगताना नकळत अंगठ्यानं तळहात चोळत होती.

कुणी काही बोललं नाही. माझ्या मनात आलं की माझं वजन खोलीभर ऐकू जाईल असं पुकारायला यांना आवाज आहे. पोटाला हात लावायला जग धावतं. आणि तळहाताला खाज येते हे ऐकायला मात्र एवढा उशीर. कुठली तक्रार "होतं असं"मधली आणि कुठली नाही, हे आम्हीच एकमेकींना विचारून ठरवायचं, असंच जर असेल तर ते चूक आहे. रात्री तीनला फोनच्या उजेडात ते ठरत नसतं. ज्याचं कामच ऐकायचं आहे त्यानं ऐकावं, एवढंच. मला त्यावर विनोद सुचत नाही.

तिसऱ्या खेपेच्या ताईंनी तिला विचारलं, "आता बरं आहे ना गं?" ती म्हणाली, "बरंय." मग ताईंनी विचारलं, बाळ लाथा कशा मारतं, आणि ती पहिल्यांदा हसली. "ह्या क्लिनिकात आलं की अजिबात नाही. डॉक्टरांनी हात ठेवला की मेल्यासारखं गप्प. घरी गेलं की धिंगाणा." यावर सगळ्यांना एकदम कंठ फुटला, कारण सगळ्यांची बाळं हेच करतात. पोटात असल्यापासून चारचौघांत आईला खोटं पाडायचं शिक्षण चालू.

तेवढ्यात ग्राफवाले उठून कुठंतरी बाहेर गेले. हाताची खुर्ची मोकळी झाली. नववा लागलेलीला आम्ही दोघींनी उचलून तिच्यात नेऊन बसवलं. आणि इतका वेळ डोळे मिटून बसलेली त्याची बायको डोळे उघडून, दाराकडं एकदा बघून, हळूच म्हणाली,

"मला सत्ताविसावा चालू आहे."

"म्हणजे?"

"पहिल्या सोनोग्राफीतच डॉक्टरांनी तारीख आठवडाभर पुढं नेली. हा तेव्हा खाली गाडी लावत होता. ॲपमध्ये जुनीच तारीख आहे."

"अगं मग सांग ना त्याला!"

"सांगितलं तर अख्खा आठवडा परत वाचून दाखवेल."

ग्लुकोज पोटात असताना हसू नये. सातव्या महिन्यात तर मुळीच हसू नये. पेल्विक फ्लोअरचे कितीही व्यायाम बसल्या बसल्या केलेले असोत. पहिली मी उठले, माझ्यामागं ताई विणकाम टाकून उठल्या, आणि त्यांच्यामागं ती स्वतः, दोन्ही हातांनी पोट धरून, हसत आणि कण्हत. पुढचे पाच-सहा सेकंद अतिशय महत्त्वाचे होते. कॉरिडॉरच्या टोकाला त्या मजल्यावरचं एकुलतं एक टॉयलेट. आम्ही तिघी पाय जुळवून, भिंतीला धरून, जमेल तेवढ्या वेगानं तिथं पोचलो.

कडी आतून होती. आत टिंग वाजलं.