बोटं मिटली म्हणजे नर्व्ह शाबूत, हे चूक आहे

उत्तरायण, म्हणजे पतंगांचा सण, तोंडावर आलं की आमच्या बडोद्यात एमबीबीएसच्या मुलांच्या मोबाईलवर एक चार ओळींचा कागद फिरू लागतो. हाताच्या नर्व्ह-इजा म्हणे त्यात संपूर्ण सामावल्या आहेत. नर्व्ह म्हणजे मज्जातंतू; रेडियल, अल्नर आणि मेडियन या हातातल्या तीन मुख्य. मनगट लोंबलं तर रेडियल, नाही लोंबलं तर रेडियल ठीक. करंगळी-अनामिका हुकासारख्या आकडल्या तर अल्नर, आणि जितका हा आकडा मोठा तितकी इजा वरची, म्हणजे कोपराकडची. मूठ आवळताना तर्जनी उभी राहिली तर मेडियन, मिटली तर मेडियन ठीक. आणि शेवटची ओळ: बोटं हलत असतील तर कुठलीही नर्व्ह तुटलेली नाही.

मी ॲनाटॉमी शिकवतो. सुरुवात शेवटच्या ओळीपासून करतो, कारण जानेवारीत हात निकामी करते ती हीच.

बोटं मिटवणाऱ्या लांब स्नायूंचं मांस पंजात नसतंच. ते कोपर आणि मनगटाच्या मध्ये असतं, पंजात उतरतात फक्त त्यांच्या दोऱ्या, म्हणजे टेंडन. मेडियन या स्नायूंना आपल्या फांद्या वरच देऊन मोकळी होते. मग मनगटावर मांज्याने ती आरपार कापली, तरी टेंडन वाचले असतील तर मूठ छान वळते. जातं ते वेगळंच: अंगठ्याच्या बुडाच्या उंचवट्याचं बळ आणि अंगठा, तर्जनी, मधलं बोट यांची संवेदना. बोटावरच्या कापात तर आणखी फसगत होते. बोटातल्या डिजिटल नर्व्ह एकाही स्नायूला जात नाहीत. बोट पूर्ण वाकतं, सरळ होतं, आणि त्याची एक कड बधिर असते.

दांडिया बाजारात आमच्याच इमारतीतला एक मुलगा. मनगटावर लहानसा काप, एका दवाखान्यात तीन टाके, आणि ‘बोटं हलतायत ना, मग काही नाही’ असं सांगून घरी पाठवलेला. दोन महिन्यांनी शर्टाची बटणं लागेनात म्हणून त्याची आई माझ्याकडे घेऊन आली, तेव्हा अंगठ्याचं बूड सपाट झालं होतं. ताज्या जखमेत नर्व्हची टोकं समोरासमोर शिवता येतात. उशीर झाला की ती आखडतात, आणि मधली फट भरायला पायातली नर्व्ह काढून आणावी लागू शकते. जोडल्यावरही वाढ दिवसाला साधारण 1 मिलिमीटर. मनगटापासून तर्जनीच्या टोकापर्यंत 18 सेंटिमीटर धरा आणि महिने मोजा.

तपासणीला दोन मिनिटं पुरतात. तर्जनीच्या आणि करंगळीच्या टोकाला कापूस लावून बघा. पंजा टेबलावर उताणा ठेवून अंगठा छताकडे उचलायला सांगा, ही मेडियन. तर्जनी बाजूला फाकवायला सांगा, ही अल्नर. बोटावर काप असेल तर त्याच्या दोन्ही कडा वेगवेगळ्या तपासा. आणि हे सगळं भुलीचं इंजेक्शन देण्याआधी. नंतरच्या बधिरपणावरून काहीच कळत नाही.

आकड्याची ओळ तर नेमकी उलटी आहे. अल्नर मनगटाशी तुटली तर करंगळी-अनामिकेचे लुंब्रिकल आणि इंटरॉसिआय हे पंजातले छोटे स्नायू जातात, पण बोटांची टोकं आत ओढणारा फ्लेक्सर डिजिटोरम प्रोफंडस जिवंत राहतो, म्हणून आकडा ठळक दिसतो. कोपराशी इजा झाली तर प्रोफंडसचा अल्नरकडचा अर्धा भागही लुळा पडतो. ओढणाराच उरत नाही, आकडा सौम्य होतो. म्हणजे मोठा आकडा इजा खाली असल्याचं सांगतो. कोपराशी जोडलेली नर्व्ह बरी होऊ लागली की प्रोफंडस आधी जागा होतो आणि आकडा काही काळ वाढतो. घरचे घाबरतात, हे आधीच सांगून ठेवायला हवं. पातळी ठरवायला करंगळीकडची पंजाची पाठ तपासा. तिथली फांदी मनगटाच्या बरीच वर सुटते, त्यामुळे मनगटाच्या इजेत ती जागा शाबूत असते. आपल्याकडे मांजा नसतानाही असा हात दिसला तर कोपरामागे बोट फिरवून अल्नर जाड लागते का बघा. कुष्ठरोगात ती जाड होते, आणि तो अजून संपलेला नाही.

रेडियलचं थोडक्यात. कोपराखाली तिची खोल फांदी, पोस्टिरिअर इंटरॉसिअस, दुखावली तर मनगट लोंबत नाही, कारण मनगट उचलणाऱ्या एक्स्टेन्सर कार्पी रेडिआलिस लाँगस या स्नायूला त्याआधीच फांदी मिळालेली असते. मनगट अंगठ्याकडे झुकत वर येतं, बोटं मात्र बुडातून उचलत नाहीत.

राहिली मेडियनची ओळ. आवळताना तर्जनी उभी राहते ती इजा कोपराजवळ किंवा वर असेल तर. आमच्या इमारतीतल्या त्या मुलाची तर्जनी पहिल्या दिवशीही मिटत होती, आजही मिटते. चहाचा गरम कप हातात आला की तिला चटका कळत नाही.