कॅमेरा ‘समोरचे तेच’ दाखवत नाही

खेळाच्या प्रक्षेपणात महिला खेळाडूंचे किंवा प्रेक्षकांतील मुलींचे चित्रण कसे होते यावर कोणी आक्षेप घेतला, की समाजमाध्यमांवर एक ठरावीक उत्तर फिरू लागते: कॅमेरा समोर असेल तेच दाखवतो, कपडे त्यांनीच निवडलेले असतात, लोकांना हेच बघायचे असते आणि पुरुषही उघड्या अंगाने खेळतातच. यातले एकही विधान तपासणीत टिकत नाही.

मोठ्या सामन्यात मैदानाभोवती अनेक कॅमेरे असतात आणि त्यांतले कोणते दृश्य, किती जवळून, किती वेळ दाखवायचे हे प्रक्षेपणाचा दिग्दर्शक क्षणोक्षणी ठरवत असतो. उंच उडीतले शेवटचे पाऊल आणि आडव्या दांडीवरून वळणारी पाठ संथ गतीत दाखवली तर उडी समजते. परंतु उडीपूर्वी खेळाडू कपडे सारखे करत असताना तिचा चेहरा चौकटीबाहेर ठेवून कमरेखाली स्थिरावलेला कॅमेरा खेळाबद्दल काहीच सांगत नाही. खेळाडू तीच, कपडेही तेच. फरक पडतो तो कोणीतरी निवडलेल्या चौकटीमुळे.

कपड्यांच्या निवडीचा मुद्दा तर वस्तुस्थितीला धरूनही नाही. जुलै २०२१ मध्ये बल्गेरियातील युरोपीय स्पर्धेत नॉर्वेच्या महिला बीच हँडबॉल संघाने बिकिनीऐवजी आखूड चड्डी घालून सामना खेळला, म्हणून त्या संघाला १,५०० युरो दंड झाला. बिकिनीची बाजूची पट्टी १० सेंटिमीटरपेक्षा रुंद नसावी असा नियम महिलांसाठी होता, पुरुष मात्र चड्डी घालूनच खेळत होते. जगभरातून टीका झाल्यावर त्याच वर्षी हा नियम बदलावा लागला. शिवाय एखादीने आखूड कपडे खरोखर आवडीने घातले, तरी तिने होकार दिलेला असतो तो खेळायला. आपल्या शरीराचे तुकडे करून दाखवायला नव्हे.

लोकांना हेच हवे असते, असे म्हणणाऱ्यांनी ३० ऑक्टोबर २०२५ ची नवी मुंबईतली रात्र आठवावी. महिला विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाच्या ३३८ धावांचा पाठलाग करताना जेमिमा रॉड्रिग्जने नाबाद १२७ धावा केल्या, आणि कॅमेऱ्याने टिपलेले तिचे फटके, तिची दमछाक आणि विजयानंतरचे तिचे अश्रू लाखो लोकांनी पुन्हा पुन्हा पाहिले. टोकियो ऑलिंपिकच्या प्रक्षेपण प्रमुखांनीही शरीराच्या अवयवांची जवळून घेतलेली दृश्ये दाखवणार नाही असे जाहीर केले होते. त्यामुळे खेळातली रंगत कमी झाली नाही.

पुरुषांशी तुलना करायची तर एवढे पाहावे, की पुरुष जलतरणपटूचे उघडे खांदे त्याच्या हातांच्या गतीसोबत दाखवले जातात आणि त्याची ओळख त्याच्या वेळेवरून होते.

सर्वांत गंभीर बाब प्रेक्षकांतील स्त्रियांची आहे, कारण त्या खेळाडू नाहीत, नट्या नाहीत आणि आपल्यावर कॅमेरा रोखला आहे हे त्यांतल्या अनेकींना पडद्यावर दिसेपर्यंत ठाऊकही नसते. काही सेकंदांचे ते दृश्य कापून समाजमाध्यमांवर टाकले जाते, तिचे नाव शोधले जाते आणि खाली गलिच्छ शेरे पडतात. २०१८ च्या फुटबॉल विश्वचषकाच्या वेळी फिफाच्या अधिकाऱ्यांनी प्रेक्षकांतील देखण्या स्त्रियांवर कॅमेरा रोखणे कमी करावे असे प्रक्षेपकांना सांगितले होते. आपल्याकडे क्रिकेटचे हक्क विकताना हीच अट करारात लिहायला काहीच अडचण नाही.