'एक तरी मोठा नेता आत गेलाय का?' गेलाय की, काका

दोन बाणांची खूण असलेला तो मेसेज पुन्हा आलाय, या वेळी काकांकडून. 'मोठ्या नेत्याला भ्रष्टाचारासाठी शिक्षा झाल्याचं एक उदाहरण दाखवा. नाहीच सापडणार, कायदा त्यांनीच स्वतःसाठी केलाय. झालीच शिक्षा तर जामीन घेऊन पुन्हा आमदार! मग बोटाला शाई लावायची कशाला?' खाली जोडलेले तीन हात.

काका, एकेक घेऊ.

उदाहरण हवंय ना? जळगावचं घरकुल प्रकरण. गरिबांसाठी घरं बांधायची योजना, आणि ठेकेदारावर पालिकेची मेहेरनजर. २००६ साली तेव्हाचे आयुक्त प्रवीण गेडाम यांनी फिर्याद दिली. ३१ ऑगस्ट २०१९ ला धुळ्याच्या विशेष न्यायालयाने ४८ जणांना दोषी ठरवलं. माजी मंत्री सुरेश जैन यांना ७ वर्षं आणि १०० कोटींचा दंड. गुलाबराव देवकर हेही माजी मंत्री, त्यांना ५ वर्षं. जैन यांचं जळगावातलं वजन तुम्हाला मी सांगायला नको. चारा घोटाळ्यातले लालूप्रसाद तर तुम्हीच टीव्हीवर पाहिलेत.

'कायदा त्यांनीच केलाय' हे अर्धं खरं आहे. दोषी ठरल्यावर तीन महिन्यांत अपील केलं की आमदारकी-खासदारकी शाबूत राहायची, अशी पळवाट कायद्यात होतीच. १० जुलै २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने ती बंद केली. ती पुन्हा उघडायला तेव्हाच्या केंद्र सरकारने वटहुकूम आणला, पण बोंबाबोंब झाली आणि तो मागे घ्यावा लागला. त्याच वर्षी लालूंची खासदारकी गेली.

खरी पळवाट दुसरीकडेच आहे, आणि तुमच्या मेसेजमध्ये तिचा पत्ताच नाही. तिचं नाव मंजुरी. खटला चालवायला आधी परवानगी लागते. मुंबईतल्या 'आदर्श' सोसायटीच्या घोटाळ्याचंच बघा. माजी मुख्यमंत्री अशोक चव्हाणांवर खटल्याला राज्यपालांनी २०१३ मध्ये नकार दिला, २०१६ मध्ये दुसऱ्या राज्यपालांनी होकार दिला, आणि २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने तो होकारच रद्द केला. चार वर्षं चर्चा पुराव्यांची कमी आणि सहीची जास्त. त्यात २०१८ मध्ये भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात कलम १७-अ घुसलं. पदावर असताना घेतलेल्या निर्णयाची नुसती चौकशी करायची तरी आधी वरून मान्यता हवी. संसदेत ते आलं तेव्हा तीन हात जोडणारा मेसेज काही आपल्या ग्रुपवर फिरला नाही.

आता 'पुन्हा आमदार'. नागपूर जिल्हा मध्यवर्ती बँकेचं प्रकरण २००२ चं. दलालांमार्फत सरकारी रोख्यांत गुंतवलेले दीडशे कोटींच्या आसपास रुपये बुडाले. ठेवी होत्या शेतकऱ्यांच्या. तेव्हाचे अध्यक्ष सुनील केदार यांना डिसेंबर २०२३ मध्ये ५ वर्षांची शिक्षा झाली आणि दोनच दिवसांत आमदारकी गेली. त्यांनी अपील केलं, जामीनही मिळाला. पण दोषसिद्धीला, म्हणजे दोषी ठरवणाऱ्या निकालाला, स्थगिती मिळाली नाही, म्हणून २०२४ ला उभं राहता आलं नाही. सावनेरमधून पत्नी उभ्या राहिल्या आणि पडल्या. जामीन आणि स्थगिती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, काका. तुमचा मेसेज त्यांची खिचडी करतो.

एक मात्र मान्य. २००२ चं प्रकरण, निकाल २०२३ ला. एवढ्या वेळात माणूस चार-पाच निवडणुका लढतो. जयललितांच्या बेहिशेबी मालमत्तेच्या खटल्यात तर सर्वोच्च न्यायालयाचा निकाल येण्याआधी त्या स्वतःच गेल्या. याचा राग येतो, यायलाच हवा.

राहिली शाई. ज्याच्यावर गुन्हेगारी खटले आहेत त्या उमेदवाराला प्रचाराच्या काळात तीनदा पेपरात ते जाहीर करावे लागतात. मागच्या विधानसभेला तुमच्याच घरी खारे शेंगदाणे ज्या कागदाच्या पुडीतून आले, त्याच्यावर तशी चौकट होती. उमेदवाराचं नाव, कोर्टाचं नाव, कलमं, सगळं छापलेलं. दाणे संपल्यावर तुम्ही तो चुरगाळून टाकलात. मी उलगडून वाचला. उमेदवार आपल्याच वॉर्डातला होता.