करमाफीचे ताट कोणापुढे वाढले जाते?

आज व्यापाऱ्यांच्या एका बैठकीत एका वक्त्याने अशी मागणी केली की, मागास तालुक्यांत हॉटेले आणि उपाहारगृहे उघडणाऱ्यांना सुरुवातीची पाच वर्षे करमाफी द्यावी, म्हणजे गुंतवणूक आपोआप धावत येईल. सभागृहाने टाळ्या वाजवल्या. मी करसल्लागार आहे, धाराशिवसारख्या आकांक्षित (म्हणजे विकासात मागे पडलेला म्हणून केंद्राने निवडलेल्या) जिल्ह्यातच माझे काम चालते, आणि त्या टाळ्या ऐकून फिरलेले डोके अजून ताळ्यावर आलेले नाही.

याच जिल्ह्यातल्या भूमकडे माझ्या ओळखीच्या एक मावशी खानावळ चालवतात. ज्वारीची भाकरी, पिठले, शेंगदाण्याची चटणी असा साधा बेत असतो आणि खिळ्याला अडकवलेल्या वहीत शिक्षकांची व एसटीच्या वाहकांची महिन्याची खाती असतात. या करमाफीने त्यांचे किती रुपये वाचतील? एकही नाही. उलाढाल 20 लाखांच्या आत असल्यामुळे जीएसटीची नोंदणी नाही, आणि नव्या करप्रणालीत 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर प्राप्तिकर पडत नाही. जो कर भरावाच लागत नाही, तो माफ करून सरकार कोणावर उपकार करणार आहे?

मावशी कर भरतातच, पण तो खरेदीत भरतात. घरगुती सिलिंडरवर 5 टक्के जीएसटी आहे आणि त्यांच्या 19 किलोच्या व्यावसायिक सिलिंडरवर 18 टक्के. नोंदणीकृत उपाहारगृहांचीही गत फारशी वेगळी नाही. नोव्हेंबर 2017 मध्ये त्यांचा दर 5 टक्क्यांवर आला, ग्राहक खूश झाला, पण त्याच वेळी खरेदीवर भरलेल्या कराची वजावट काढून घेतली गेली. त्यामुळे फ्रीज, भट्टी आणि सिलिंडर यांवरचा कर मालकाच्या माथी कायमचा बसला. यावर त्या बैठकीत एक अक्षर कोणी काढले नाही.

करमाफीचा प्रयोग आपल्याकडे झालेला नाही असेही नाही. जागतिक वारसास्थळे असलेल्या जिल्ह्यांत 2008 ते 2013 या काळात सुरू झालेल्या हॉटेलांना प्राप्तिकर कायद्याच्या कलम 80-आयडीखाली पाच वर्षांचा संपूर्ण नफा करमुक्त होता, आणि अजिंठा-वेरुळामुळे त्या यादीत तेव्हाचा औरंगाबाद होता, जळगावही होता. अट एवढीच, की हॉटेल दोन, तीन किंवा चार तारांकित असले पाहिजे. म्हणजे लेण्यांच्या पायथ्याशी पर्यटकाला झुणका-भाकर वाढणाऱ्या बाईसाठी त्या कायद्यात जागाच नव्हती. उद्योगांना सवलती देणाऱ्या राज्याच्या सामूहिक प्रोत्साहन योजनेत तालुक्यांची विकसित ते मागास अशी, अ पासून ड+ पर्यंत वर्गवारी आहे, पण तिथेही राज्य जीएसटीचा परतावा विक्रीच्या मापाने मिळतो, म्हणजे ज्याचा गल्ला मोठा त्यालाच मोठा घास.

महामार्गावर मोठे हॉटेल आले, तर गावातल्या चार पोरांना काम मिळते, हे मान्य. तेवढ्यासाठी सरकारी तिजोरी उघडावी, हे मला मान्य नाही. नफ्यावरची माफी ज्याला नफा होतो त्यालाच पोचते, आणि नव्या उपाहारगृहाची पहिली वर्षे तर बहुधा भाडे व पगार भागवण्यातच जातात.

मावशींनी बँकेत मुद्रा कर्जासाठी, म्हणजे छोट्या व्यवसायांसाठीच्या सरकारी योजनेतल्या कर्जासाठी, अर्ज केला होता. त्या योजनेत तारण मागायचे नसते, तरी शाखेतून घराचा उतारा आणि तीन वर्षांची प्राप्तिकराची विवरणपत्रे मागितली गेली. घर सासऱ्यांच्या नावावर, आणि विवरणपत्र त्यांनी कधी पाहिलेही नव्हते. अखेर त्यांनी गळ्यातली सोन्याची पोत मोडून मोठा तवा, गॅसची शेगडी आणि जागेची अनामत यांची सोय केली. हे सांगताना त्यांच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता. मला मात्र आज ते आठवून लिहिताना राग येण्याऐवजी वाईटच जास्त वाटते आहे.

त्या वक्त्याचा हेतू वाईट असेल असे मी म्हणत नाही. परंतु मागायचेच असेल, तर छोट्या खानावळींना सिलिंडरवरचा कर परत मागा, तारांकित हॉटेलांना मिळणारा उद्योगाचा वीजदर त्यांनाही मागा, आणि भांड्यांसाठी व शेगडीसाठी आरंभीच थेट अनुदान मागा. बैठकीच्या आयोजकांनी लेखी सूचना मागवल्या आहेत. मी या तीन मागण्या पाठवतो आहे. आपल्या गावात कोणी अशी खानावळ चालवत असेल, तर त्यांच्या परवानगीने सिलिंडरच्या पावत्या आणि विजेची बिले, नावे झाकून, मला इनबॉक्समध्ये पाठवावीत. ती मी सूचनांना जोडणार आहे.