काका, ती किटली आमच्याच यादीत होती

काका, नमस्कार. आमच्या ट्रॅव्हल कंपनीकडून घेतलेल्या क्रूझबद्दल तुम्ही एक स्टार देऊन लिहिलंत की ग्रीसमधल्या पायरियस बंदरात जहाजावर चढल्यापासून निव्वळ मनस्ताप झाला. पासपोर्ट काढून घेतले, खोली तीनपर्यंत मिळाली नाही, जरा टेकतोय तोच भोंगा वाजला, काकूंची बॅग रात्री आली आणि 'लक्झरी' म्हणून विकलेलं जहाज शेजारच्या जहाजापुढे होडीएवढं दिसलं. तक्रार तुम्ही चारचौघांत केलीत, म्हणून चूक कोणाची तेही इथेच सांगतो.

आधी बॅग. जहाजाच्या लोकांना मी विचारलं. बॅग स्कॅनरवर अडली, कारण तिच्यात चहासाठी घेतलेली इलेक्ट्रिक किटली होती. समुद्रात आगीसारखी भीती दुसरी नाही, त्यामुळे किटली, इस्त्री असल्या वस्तू प्रवाशांना आणू देत नाहीत. अशी बॅग धनी येऊन उघडेपर्यंत बाजूला ठेवतात. पण किटली घ्या असं तुम्हाला सांगितलं कोणी? आम्हीच. तुमच्या हातात दिलेली सामानाची यादी आमच्या युरोप बस टूरची होती. क्रूझसाठी वेगळी यादी आम्ही कधी केलीच नव्हती.

त्याच बॅगेत काकूंच्या बीपीच्या गोळ्या होत्या. सिद्धेश्वर एक्स्प्रेसला आपण सामान आपल्या बर्थखाली ठेवतो, साखळी लावतो. जहाजावर मात्र बॅग धक्क्यावरच दुसऱ्याच्या हाती द्यायची आणि ती खोलीच्या दाराशी यायला संध्याकाळ होऊ शकते. औषधं हातातल्या पिशवीत ठेवा, एवढं एक वाक्य मी बोललो असतो तर काकूंची गोळी चुकली नसती. तुमचं लिहिणं वाचल्यापासून मला हेच खातंय. काकूंची मी मनापासून माफी मागतो.

तुम्ही तेव्हा ऑफिसला फोनही केलात. तिथे सात वाजले होते, इथे साडेनऊ, ऑफिस बंद. यापुढे आमचे प्रवासी परदेशात असतील तोवर ऑफिसचा फोन रात्री माझ्या मोबाइलवर येईल.

खोलीचं कारण साधं आहे. आधीचे प्रवासी त्याच सकाळी उतरतात, मग साफसफाई होते. तुम्हाला अकरा वाजताच बंदरात पोहोचवणारी गाडी आम्ही ठरवली होती, तेव्हा तो खोळंबाही आमचाच. पासपोर्टचं म्हणाल तर तुमच्या मार्गात तुर्कस्तानातलं कुशादासी होतं. ग्रीस शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, तुर्कस्तान त्याच्या बाहेर. पासपोर्ट एकत्र असले की सगळ्यांच्या नोंदी जहाजाचे लोकच उरकून घेतात. पण परमुलखात पासपोर्ट हातातून गेला की पोटात गोळा येणारच, ते आधी सांगायला हवं होतं.

भोंग्याच्या बाबतीत मात्र मी जहाजाच्या बाजूने उभा राहीन. सात छोटे आणि एक लांब भोंगा म्हणजे धोक्याचा इशारा, आणि त्याची तालीम झाल्याशिवाय जहाजाने समुद्रात जाऊ नये. 13 जानेवारी 2012 ला इटलीच्या जिल्यो बेटाजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' हे क्रूझ जहाज खडकावर आपटलं, 32 माणसं गेली. त्याच संध्याकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांची तालीम झालेलीच नव्हती, कारण तेव्हाच्या नियमात 24 तासांची मुभा होती. 2015 पासून तालीम जहाज सुटण्याआधी किंवा सुटताच घ्यावी लागते. दमून आलेल्या माणसाला लाइफ जॅकेट घेऊन उभं राहणं जड जातं, कबूल. पण त्या अर्ध्या तासात सूट मिळावी, असं मी कधीच म्हणणार नाही.

आता 'होडी'. आमच्या माहितीपत्रकातला फोटो भर समुद्रातला आहे, शेजारी दुसरं जहाज नाही, त्यामुळे आकाराचा अंदाज येत नाही. पायरियसला तुमचं दोनशे प्रवाशांचं जहाज हजारोंच्या जहाजाशेजारी उभं होतं. पण तुम्हीच शेवटी लिहिलंय की तिसऱ्या दिवसापासून काकूंचा बिनसाखरेचा चहा न सांगता टेबलावर येत होता. मी छोटं जहाज सुचवलं ते त्यासाठी, आणि पुन्हा विचारलंत तर तेच सुचवेन. आपल्या सोलापुरात समुद्र नाही, जहाजाची सवय नाही. म्हणून तर विकणाऱ्याने जास्त बोलायला हवं होतं. मी खोलीच्या बाल्कनीबद्दल बोलत बसलो.

आमचं सेवाशुल्क पूर्ण परत करतोय, या आठवड्यात तुमच्या खात्यात जमा होईल. क्रूझची वेगळी यादी लिहून झाली आहे. छापायला देण्याआधी काकूंनी ती एकदा वाचावी आणि काय राहिलं ते सांगावं, एवढी विनंती. तुम्हाला चालणार असेल तर रविवारी सकाळी मी स्वतः घेऊन येतो.