बेड बाथ, शिपिंग लाइन आणि एक फॉरवर्ड

एक्स्पोर्टवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज पुन्हा पुन्हा फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: कोविडच्या काळात शिपिंग लाइननी (कंटेनर जहाज कंपन्यांनी) अमेरिकी दुकानदारांशी केलेले करार धाब्यावर बसवले आणि त्यातच बेड बाथ अँड बियाँड ही घरगुती वस्तूंची अमेरिकी दुकानसाखळी बुडाली. सर्व्हिस कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे मालवाला आणि लाइन यांच्यातला करार, हा नुसता कागद, तक्रार करून छदाम मिळत नाही. आणि अमेरिकेच्या २०२२ च्या शिपिंग कायद्यानंतर मात्र लाइनना माल नाकारताच येत नाही. शेवटची दोन वाक्यं एकमेकांशी भांडतायत, हे फॉरवर्ड करणाऱ्यांच्या लक्षात आलेलं दिसत नाही.

‘लाइननी बेड बाथ बुडवली.’ कंपनीने एप्रिल २०२३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला आणि त्याच सुमारास अमेरिकेच्या फेडरल मॅरिटाइम कमिशनकडे (सागरी मालवाहतुकीवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) ओओसीएल या शिपिंग लाइनविरुद्ध ३ कोटी १७ लाख डॉलरचा दावा लावला. ठरलेली जागा दिली नाही, करारातल्या दराऐवजी चढे दर आणि सरचार्ज भरायला लावले, असे आरोप होते. नंतर एमएससीसारख्या इतर लाइनवरही दावे झाले, त्यातले काही याहून मोठे. पण दिवाळखोरीच्या अर्जात देणी होती ५.२ अब्ज डॉलरची. स्वतःचेच शेअर परत विकत घेण्यावर या कंपनीने वर्षानुवर्षं अब्जावधी उधळले होते, गिऱ्हाइकांच्या ओळखीचे ब्रँड बाजूला सारून स्वतःचे ब्रँड रेटले होते. कंटेनर वेळेवर न येणं म्हणजे आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. शिवाय तक्रारीत लिहिलेलं सगळं सिद्ध झालेलं असतं असंही नाही.

‘करार म्हणजे नुसता कागद.’ हा मुद्दा नीट बघायला हवा, कारण इथेच बहुतेकांची गल्लत होते. अमेरिकी कायद्यात सर्व्हिस कॉन्ट्रॅक्टची व्याख्या आहे: ठरावीक मुदतीत किमान इतका माल देईन असं मालवाल्याने कबूल करायचं, आणि दर व सेवा लाइनने. हे करार कमिशनकडे दाखल होतात, फक्त जाहीर होत नाहीत. मग भांडण झालं की जायचं कुठे? अमेरिकेचा शिपिंग ॲक्ट म्हणतो, करारभंगाला उपाय एकच: कोर्ट (दोघांनी दुसरं काही, उदाहरणार्थ लवाद, ठरवलं नसेल तर). लाइनचे वकील कमिशनपुढे पहिल्याच दिवशी हे कलम काढतात. पण २००० साली कार्गो वन प्रकरणात कमिशनने वाट मोकळी ठेवली: तीच वागणूक करारभंगाबरोबर कायद्याचाही भंग असेल, तर तक्रार ऐकता येईल. म्हणून नुसतं ‘माझे शंभर कंटेनर उचलले नाहीत’ एवढ्याने भागत नाही. लाइनने अवाजवी कारणाने व्यवहार नाकारला, तक्रारीचा सूड उगवला, किंवा माल हाताळण्याची तिची पद्धतच गैरवाजवी होती, हे दाखवावं लागतं.

आणि हे दाखवता येतं. फर्निचर विकणाऱ्या ओजे कॉमर्सने हांबुर्ग स्यूड या लाइनविरुद्ध कमिशनकडे तक्रार केली. जागा मिळेना म्हणून कमिशनकडे जाण्याचा इशारा दिल्यावर लाइनने पुढचा करारच नाकारला, असं तिचं म्हणणं. २०२३ मध्ये कमिशनच्या न्यायाधीशांच्या प्राथमिक निकालात सुमारे ९८ लाख डॉलर तिच्या पदरात पडले. फोटोफ्रेम आणि आरसे विकणाऱ्या पेन्सिल्व्हेनियाच्या एमसीएस इंडस्ट्रीजची गोष्ट आणखी मजेशीर. तिने २०२१ मध्ये कॉस्को आणि एमएससी या लाइनना कमिशनपुढे खेचलं. कॉस्कोने तडजोड केली. एमएससीने स्विस कायद्याचं कारण पुढे करत कागदपत्रं दिली नाहीत, तेव्हा जानेवारी २०२३ मध्ये न्यायाधीशांनी कागदपत्रं न दिल्यावरूनच एमएससीविरुद्ध निकाल देऊन ९ लाख डॉलरहून जास्त भरपाई ठोकली. हे दोन्ही पहिल्या पायरीवरचे निकाल, मान्य. पण छदाम मिळत नाही म्हणणाऱ्याने एवढं तरी वाचायला हवं होतं.

‘२०२२ नंतर माल नाकारताच येत नाही.’ साफ चूक. कायद्यातला शब्द ‘अवाजवीपणे’ असा आहे. जहाज खरंच भरलेलं असेल तर लाइन आजही नाही म्हणू शकते. या शब्दाचा अर्थ लावणारा नियम २३ सप्टेंबर २०२४ पासून लागू झाला. २०२२ च्या कायद्याने लाइनवर पुराव्याचा भार टाकला तो डिमरेज-डिटेन्शनच्या (कंटेनर बंदरात पडून राहिल्याच्या किंवा उशिरा परत केल्याच्या आकाराच्या) वाजवीपणाबाबत.

मेसेजमध्ये एक बाजू गाळलीय. २०२२ च्या शेवटी स्पॉट रेट (कराराबाहेरचे, त्या त्या वेळचे बाजारदर) कोसळले तेव्हा कित्येक मालवाल्यांनी करारातला किमान आकडा बाजूला ठेवून स्वस्त जागा धरली किंवा नवे दर मागितले. तेव्हा ‘करार पवित्र असतो’ हे वाक्य लाइनच्या तोंडी होतं!

सोलापूरहून टॉवेल पाठवणाऱ्याला यात रस असतो, पण एफओबी सौद्यात (माल जहाजावर चढवला की विकणाऱ्याची जबाबदारी संपते) सहसा लाइन खरेदीदाराची, करार त्याचा, आणि त्या करारावरचा दावाही त्याचाच. आपल्याकडे राहतात त्या बुकिंग नाकारल्याच्या आणि कंटेनर रोल झाल्याच्या (पुढच्या जहाजावर ढकलल्याच्या) ई-मेल, आणि खरेदीदाराच्या वकिलाला नेमक्या त्याच लागतात. फक्त कमिशनकडे भरपाई मागायची मुदत ३ वर्षांची आहे. २०२१ च्या दिवाळीत न्हावा शेवाला अडकलेल्या कंटेनरसाठी तिथे नवी तक्रार करायची वेळ २०२४ मध्येच टळून गेली.