दगडांना हात लावू द्या मुलांना

आज एका शाळेचं विज्ञान प्रदर्शन पाहिलं आणि डोकं फिरलं. खडक-खनिजांचा कोपरा मांडलेला. थर्माकोलवर फेव्हिकॉलने चिकटवलेले गुळगुळीत, रंगीत खडे, वर पाटी ‘हात लावू नये’. सहावीतली एक मुलगी घडाघडा म्हणून दाखवत होती: अग्निजन्य, गाळाचे, रूपांतरित. यातला सगळ्यात कठीण कुठला, असं विचारल्यावर ती बाईंकडे बघायला लागली. तिचा काय दोष? तो खडा तिच्या हातात कुणी दिलाच नव्हता!

असे पॉलिश केलेले खडे शिकायला कुचकामी असतात. पैलू घासले गेलेले, ताजी तुटलेली बाजू गायब, वर पुष्कळदा रंग चढवलेला. आणि हे कुठे, तर महाराष्ट्रात! सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा बेसॉल्ट आपल्या पायाखाली आहे. त्याच्या पोकळ्यांत वाढलेले स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत मांडलेत, पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींतलं निळंशार कॅव्हन्साइट तर प्रसिद्धच आहे. आणि आपली मुलं ऑनलाइन किटमधले रंगवलेले खडे पाहणार.

विहिरीच्या किंवा पायाच्या खोदाईतून निघालेल्या काळ्या दगडात पांढरे स्फटिक पुष्कळदा सापडतात. असे दोन-तीन तुकडे मुलांना द्या. नाव सांगू नका. सोबत लोखंडी खिळा, काचेचा तुकडा (कडा घासून बोथट केलेला), पांढरं व्हिनेगर आणि भिंग.

आधी खिळ्याने ओरखडा काढायचा. इथेच सगळे फसतात. स्फटिक खिळ्यापेक्षा कठीण असेल तर खिळाच झिजतो आणि करडी रेघ उमटते. मुलं म्हणतात, ओरखडा पडला! ओल्या बोटाने पुसायला लावा. रेघ पुसली गेली तर ते खिळ्याचं लोखंड होतं, खाच राहिली तर स्फटिक मऊ. खिळा हरला आणि स्फटिकाने काचही कापली, तर ती बहुधा गारगोटी, 1 ते 10 च्या मोह्‌स मापावर कठीणता 7. खिळा जिंकला तर खिळ्याने थोडी भुकटी खरवडून तिच्यावर व्हिनेगरचा थेंब टाका. अख्ख्या स्फटिकावर टाकलं तर व्हिनेगर इतकं सावकाश काम करतं की मुलं कंटाळून निघून जातात. भुकटी फसफसली तर कॅल्साइट, म्हणजे चुनखडकातलंच खनिज. नाही फसफसली आणि स्फटिक पेंढीसारखे जुळलेले, मोत्यासारखे चमकणारे असले, तर बहुधा स्टिल्बाइट. नाव शेवटी सांगायचं. तोवर ते मुलांनी कमावलेलं असतं.

साठ मुलांचा वर्ग आणि पस्तीस मिनिटांचा तास, हे मान्य. पण पाच-पाचांचे गट केले तर बारा खिळे पुरतात, आणि खिळ्यांना अनुदान लागत नाही.

घरी तर निमित्तच नको. कडप्पा आणि शहाबादी फरशी, दोन्ही चुनखडक. उरलेल्या तुकड्यावर लिंबू पिळा आणि भिंगातून बघा. (ओट्यावर नको, पॉलिश जातं.) ग्रॅनाइटवर काहीच होत नाही. टाइलची मागची खडबडीत बाजू घेऊन तिच्यावर गेरू घासा, लाल रेघ येते. हेमॅटाइटचा, म्हणजे लोहखनिजाचा, खडा बाहेरून काळा, चकचकीत दिसला तरी रेघ लालच देतो. म्हणून नुसत्या रंगावरून दगड ओळखायला शिकवू नये.

स्वयंपाकघरातला डिजिटल काटा असेल तर घनताही निघते. दगडाचं वजन करा. मग पाण्याचं भांडं काट्यावर ठेवून आकडा शून्य करा आणि दोऱ्याला बांधलेला दगड पूर्ण बुडवा, पण तळाला टेकू देऊ नका. टेकला की गणित चुकलं. आता दिसणारे ग्रॅम म्हणजे दगडाचं घनसेंटिमीटरमधलं आकारमान. 290 ग्रॅमचा दगड 100 दाखवत असेल तर घनता 2.9, म्हणजे भरीव बेसॉल्ट. भोकाभोकांचा दगड घेऊ नका, बुडबुडे अडकतात आणि घनता कमी येते. हा आकडा स्वतः काढल्यावर मुलांचे चेहरे बघा एकदा.

दगड फोडायचा तर मोठ्यांनी, जुन्या गोणपाटात गुंडाळून, आणि सगळ्यांच्या डोळ्यांवर गॉगल. चालू खाणीत मुलांना नेऊ नका.

ती मुलगी हुशार आहे हो. तिला एक खिळा हवा होता, बस. कुणा शिक्षकांना वर्गासाठी पांढऱ्या स्फटिकांचे तुकडे हवे असतील तर कमेंटमध्ये गाव लिहा, पाठवण्याची सोय करू.